अकरा मोटारींचे पोचे

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढचे वाचताना तुम्हाला हसू येईल, आणि हसण्याच्या भरात तुम्ही मला सोडून द्याल अशी भीती वाटते. तळहातावर मावतील अशा अकरा खेळण्यातल्या मोटारी मी एका दुपारी नव्याकोऱ्या करून टाकल्या. त्या माझ्या नव्हत्या, माझ्या सासऱ्यांच्या होत्या. त्या नव्या व्हाव्यात असे त्यांनी कधी म्हटले नव्हते. घरात दोन माणसे होती, एकानेही माझा हात धरला नाही. मी जावई होतो.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट आहे. मी बारामतीला कालव्याच्या कचेरीत कारकून होतो आणि बायकोचे माहेर इंदापूर तालुक्यातले कळस. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत, मीही आबाच म्हणे. साहेबाच्या राज्यात ते कालव्याच्या इंजिनियरांच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. साहेब बदलत, मोटारी बदलत, आबा तेच राहत. नीरेच्या पुलापासून भीमेच्या काठापर्यंत एकही पाट, एकही चारी नव्हती की जिच्या कडेने त्यांनी मोटार नेली नाही. नोकरी संपल्यावर कळसला येऊन त्यांनी लिंबाची बाग धरली आणि वांग्याचे वाफे काढले.

एका साहेबाने विलायतेला परत जाताना आपल्या मुलाची जुनी खेळण्यातली मोटार आबांना दिली. ओतीव धातूची, जड, पोटाखाली इंग्रजी अक्षरे कोरलेली. पुढे साहेबलोक बोऱ्याबिस्तरा आवरू लागले तेव्हा पुण्याच्या लष्करात त्यांच्या घरातले सामान रस्त्यावर विकायला आले. त्यातून आबांनी एकेक करून आणखी दहा जमवल्या. मोटार कुठल्या बनावटीची, याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. निळी चालली, हिरवी चालली. फक्त एक गोष्ट ते करत, आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. ती तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे माझ्या हुशारीची खोली तुम्हाला नीट मोजता येईल.

आबांनी नोकरीत ज्या ज्या मोटारी चालवल्या, त्यातल्या प्रत्येकीला त्यांनी एकेक खेळणे नेमून दिले होते. खऱ्या मोटारीला जिथे पोचा आला होता, तिथे त्यांनी खेळण्यालाही खिळा आणि हातोडी घेऊन पोचा पाडला होता. बैलगाडीचे जोखड लागले होते ते मडगार्ड. पुराच्या वर्षी दगडावर आपटलेले पोट. मोटारीत बसूनच एक मडम बाळंत झाली, त्या गडबडीत बाभळीला घासलेले दार. आबांना लिहिता येत नव्हते. साहेबाच्या गाडीच्या फेऱ्या नोंदायचे बुक साहेबाच्या कचेरीत गेले; आबांचे बुक हे. आणि आता त्यांच्या डोळ्यांची ज्योत विझत चालली होती. पुण्याला दाखवून झाले होते. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही जाईल, असे सांगून डॉक्टर मोकळे झाले होते. रोज दुपारी आबा सोप्यात बसून एकेक मोटार मांडीवर घेत आणि अंगठा फिरवत. पोचा लागला की थांबत. मी ते कितीदा तरी पाहिले होते. मला वाटे, म्हातारा धूळ पुसतोय.

विचारले असते तर सांगितले असते त्यांनी. पण जावई सासुरवाडीला विचारायला जात नसतो. तो सांगायला जातो. मी तिथे जाऊन कचेरीतल्या साहेबाने माझ्या अक्षराची तारीफ कशी केली ते सांगायचो, बारामतीत आता काय काय मिळते ते सांगायचो, आणि ताटातली चौथी पोळी नको नको म्हणत खायचो.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. या महिन्यात आमच्याकडे जावई म्हणजे नारायण. नारायण आठ दिवसांची रजा टाकून कळसला गेला. जाताना बैलांच्या शिंगांसाठी रंगाचे डबे घेऊन गेला. पोळा महिन्यावर आला होता. लाल, निळा, हिरवा, वर वार्निस आणि सोनेरी बेगडीचे कागद. माझा हात रंगात चांगला बसला होता, असे माझेच मत होते. लहानपणी गावातल्या निम्म्या बैलांची शिंगे मी रंगवली होती, आणि एकाही बैलाची तक्रार आली नव्हती.

दोन दिवसांनी आबा नरसिंहपूरला संगमावर स्नानाला निघाले. पाहुणा घरात असताना जावे की नाही, म्हणून घुटमळत होते. मीच म्हणालो, "आबा, तुम्ही निर्धास्त जा. घर मी बघतो."

घर मी बघितले. बघता बघता माझी नजर सोप्यातल्या फळीवर गेली. अकरा मोटारी, एकीचाही रंग धड नाही, अंगभर पोचे. मला कणव आली. खरे सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात प्रेमाखेरीज काही नव्हते. आजवर मी केलेली सगळी वाईट कामे अशीच प्रेमाने केलेली आहेत.

मी फळी रिकामी केली. अंगणात पोते अंथरले. दाराखिडक्यांच्या भेगा बुजवायची लांबी घरात होती. ती प्रत्येक पोच्यात भरली, दाबली, वाळल्यावर काचकागदाने घासून सपाट केली. उरलासुरला जुना रंगही खरवडला. मग शिंगांचा रंग. एक लाल, एक निळी, एक हिरवी. वर वार्निस. पुढच्या पट्टीला शिंगाच्या टोकाला लावतात तशी सोनेरी बेगड. आणि शेवटी बारीक कुंचल्याने प्रत्येकीच्या टपावर "श्री".

सासूबाई चुलीपासून उठून दारात आल्या. पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मेहुणा मोटेवरून आला, त्याने अंगणात पाहिले आणि तो जागीच थांबला.

"दाजी," तो म्हणाला, "आबांना इचारलंवतं का?"

"त्यांना चकित करायचं आहे," मी म्हणालो.

"व्हतील," तो म्हणाला आणि बैल सोडायला निघून गेला.

त्याच्या पाठोपाठ सासूबाईंचा दबका आवाज आला, "गप ऱ्हा. जावयाची हौस हाय." बायको त्या वेळी बाळंतपणानंतर मावशीकडे गेली होती. ती असती तर तिने माझ्या हातातून कुंचला काढून घेतला असता. निदान तसे ती आजवर म्हणत आली आहे.

दुसऱ्या दिवशी आबा परतले. मी त्यांना हाताला धरून फळीपाशी नेले आणि एक मोटार त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी अंगठा फिरवला. पुढून मागे, मागून पुढे. मग दुसरी मागितली. मग तिसरी. अशा अकराही झाल्या. मी कौतुकाची वाट पाहत उभा होतो.

"झ्याक," आबा शेवटी म्हणाले. "गुळगुळीत केल्यात."

"आवडल्या ना?"

"तुमाला आवडल्या न्हवं जावईबापू? मग झालं. आता ह्या तुमच्याच."

आणि वाणाच्या दिवशी तेहतीस अनारशांचे ताट माझ्यापुढे आले, तेव्हा दिव्याभोवती त्या अकराही मोटारी मांडलेल्या होत्या. मी त्या घेतल्या. एकदाही नको म्हणालो नाही. चौथ्या पोळीला मात्र म्हणालो होतो.

पुढचे वर्षभर मी बारामतीत मोठा माणूस होतो. बैठकीच्या खोलीत काचेचे कपाट केले आणि त्यात मोटारी मांडल्या. तो काळच तसा होता. कालव्याच्या पाण्यावर ऊस झाला होता, कारखान्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते, आणि ज्याच्या त्याच्या मनात मोटार धावत होती. खरी मोटार मिळायला मात्र नंबर लावून वर्षानुवर्षे बसावे लागे. तोवर लोक माझे कपाट बघायला येत. पणदऱ्याचे एक बागायतदार तर दर बाजाराला येत आणि निळ्या मोटारीसमोर खुर्ची ओढून बसत.

"ही आमची," ते म्हणत. "नंबर लावलाय. आली की अशीच दिसंल."

"तुम्ही तर काळी नोंदवलीय ना?" मी विचारी.

"मग हिला काळी करा की. तुमाला काय, रंग घरचाच हाय!"

मीही हातचे राखत नसे. जत्रेत मिळणाऱ्या जपानी पत्र्याच्या मोटारींना नावे ठेवी. किल्ली दिली की धावणाऱ्या, पण आत डोकावले तर कसल्यातरी खाऊच्या डब्याची उलटी अक्षरे दिसणाऱ्या. "या बघा अस्सल विलायती," म्हणून मी कपाट उघडी. अस्सल विलायती मोटारीच्या टपावर देवनागरीत "श्री" कसे, हे कोणी विचारले नाही. ऐपतदार लोक सहसा असले प्रश्न विचारत नाहीत.

मग पुण्याचे एक दातांचे डॉक्टर बारामतीला आले. दात तपासण्याच्या निमित्ताने ते गावोगाव फिरत आणि फावल्या वेळात जुनी खेळणी हुडकत. माझी कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. ते आले, कपाटासमोर उभे राहिले, आणि दुखऱ्या दाढेवर सुई लागल्यावर रोगी करतो तसला आवाज त्यांनी काढला.

"कोणी केलं हे?"

"मी," मी म्हणालो. अजूनही कौतुकाचीच वाट पाहत होतो.

त्यांनी खिशातून भिंग काढले, लाल मोटार उलटी केली. "ही लढाईच्या आधीची. लढाईत विलायतेत खेळणी बंद होती, सगळा धातू बंदुकांना गेला. त्याच्या आधीच्या फार थोड्या उरल्या. कित्येकींचा धातूच आतून तडकतो, हात न लावता भुगा होतो. ही तडकली नाही. वीस वर्षं टिकली. आणि तुम्ही हिला बैलाचं शिंग केलंत."

"खूप पोचे होते हो तिला."

"असू देत! पोचे चालतात, खरचटलेलं चालतं. मूळ रंग गेला की संपलं." मग ते आपल्या संग्रहाबद्दल सांगू लागले. त्यांच्याकडे दीडशेवर मोटारी होत्या आणि प्रत्येक जिच्या तिच्या मूळ खोक्यात होती. काही खोकी नुसतीच होती, मोटारीशिवाय. तीही ते जपत. मुलांना त्या खोलीत जायला बंदी होती. एकही मोटार जमिनीवर टेकलेली नव्हती, हे त्यांनी मला छाती फुगवून सांगितले. मी मनातून त्यांना हसलो. ज्या मोटारीशी कोणी खेळले नाही ती जपणारा तो वेडा, आणि ज्या मोटारीत एक माणूस राहत होता तिला वार्निस लावणारा मी शहाणा.

ते गेल्यावर मी बायकोला सगळे रंगवून सांगितले. म्हटले, "शिंग म्हणतो माझ्या मोटारींना! पोचे चालतात म्हणे!"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आबांनी पाडलेलं पोचं व्हतं ते."

"पाडलेले म्हणजे?"

मग तिने सांगितले. मडगार्ड, दार, पुराचा दगड, तिला आठवत होते तेवढे. लहानपणी तिने एकेका पोच्याची गोष्ट ऐकली होती.

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"आईनं शपथ घातलीवती. म्हनली, जावयाच्या तोंडावर बोलायचं न्हाय." मग तिने पहिल्यांदा वर पाहिले. "आबा आता फळीकडं जातच न्हाईत. सोप्यात बसतात आन् गुडघ्यावरनं अंगठा फिरवतात."

पुढच्याच रविवारी मी माफी मागायला कळसला गेलो. मला वाटले, दहा मिनिटांचे काम आहे.

पोचल्या पोचल्या पाय धुवायला पाणी, पाट, गूळपाणी. मी म्हणालो, "आबा, माझं जरा चुकलंच."

"चुकलं आमचं!" आबा म्हणाले. "तुमी येनार त्ये आमाला ठावं न्हवतं. आता जेवायला उशीर व्हनार." आणि त्यांनी कोंबडी धरायला हाक मारली. जेवणानंतर मी पुन्हा तोंड उघडले, तर सासूबाईंनी टोपी-उपरणे आणून ठेवले. संध्याकाळी मी नवी टोपी घालून बारामतीला परतलो. बायकोने टोपीकडे पाहिले आणि ती खुंटीला अडकवली.

मग मी पत्र लिहिले. अक्षर माझे सुरेख. "आपल्या घरची पायरी चढण्याची माझी योग्यता नाही," असे एक वाक्य त्यात होते, आणि ते लिहून झाल्यावर मी दोनदा वाचले, इतके मला ते आवडले. चार दिवसांनी मेहुणा दारात हजर. पाटीभर वांगी, लिंबे, आणि फडक्यात बांधलेला चांदीचा पेला.

"दाजी, काय चुकलं आमचं?" त्याने दारातूनच विचारले. "आईनं दोन दिस अन्न घेतलं न्हाय. धोंड्यात कायतरी कमी पडलं म्हनून तुमी रुसलाय, असं सगळी म्हनत्यात."

मी म्हणालो, "अरे, मी माफी मागितली आहे!"

"व्हय, वाचलं. एवढं टोचून कोन लिवतं?"

पेला मी ठेवून घेतला, कारण परत पाठवला असता तर सासूबाईंनी आणखी दोन दिवस अन्न घेतले नसते. रात्री बायकोने पेला पाहिला. मग एवढेच म्हणाली, "तुमी माफी मागायला जाता का मान घ्यायला जाता, एकदा ठरवा." मला राग आला. ती म्हणाली त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते, म्हणूनच आला.

मेहुण्याबरोबर आबांना मोटारी परत पाठवाव्यात, असेही मनात आले होते. म्हणून दोन मोटारींचा रंग मी घासलेटमध्ये भिजवून काढून पाहिला. रंग निघाला, लांबी निघाली, पण अंगठ्याला लागतील असे पोचे उरलेच नव्हते. काचकागदाने घासताना त्यांच्या कडा मीच खाल्ल्या होत्या. उरले ते नुसते उघडे धातूचे अंग. पाठवायला काही नव्हते.

सहा महिने गेले. मग एके दिवशी मी कचेरीतून अर्धी रजा घेतली, एस.टी.ने गेलो, आणि घरी न जाता सरळ बागेत शिरलो. आबा लिंबाखाली बसून हाताने वाफ्याची माती चाचपत होते, पाणी पोचले का ते पाहत होते. आता त्यांना अजिबात दिसत नव्हते. तिथे ना बसायचा पाट होता, ना गूळपाणी, ना कोंबडी.

"कोन?"

"मी, आबा. बारामतीहून आलोय."

ते उठायला लागले. "जावईबापू! घरी चला, घरी चला. अशा उन्हात..."

"नाही." मी त्यांच्यासमोर ओल्या मातीत बसलो. "तुम्ही मला एकदा शिव्या द्या."

"इरसाल हायसा! जावयाला कोन शिव्या देतंय?"

"माझं चुकलं, आबा."

"बरं."

"फार चुकलं."

आबा पुन्हा माती चाचपू लागले. मग म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला एकेरी हाक मारली, "लेका, दर खेपेला येऊन चुकलं चुकलं म्हनतूस. काय चुकलं त्ये म्हन की. नुसतं चुकलं म्हनलं की पुढल्यानं न्हाय न्हाय म्हनायचं असतंय. मी किती डाव म्हनू?"

मला काय चुकले ते सांगता येईना. म्हणजे रंग लावला, हे सांगता आले असते. पण ते म्हणजे रंगाच्या डब्याची चूक होती. माझी चूक त्याच्याही आधीची होती, आणि तिथपर्यंत मी स्वतःही कधी गेलो नव्हतो. आबा थांबले. पाणी वाफा भरून पुढच्या वाफ्यात उतरले तरी ते तसेच बसून राहिले, आणि त्यांनी मला घरी चला म्हटले नाही.

शेवटी मी म्हणालो, "आबा, तुमच्या अकरा मोटारी होत्या. चार वर्षं मी तुमच्या घरी जेवलो, तुम्हाला त्यांच्यावर अंगठा फिरवताना कितीदा पाहिलं, आणि एकदाही विचारलं नाही की तुम्ही काय करताय. माझं तुमच्याकडे लक्षच नव्हतं. म्हणून मी त्या बुजवल्या. बैलगाडी लागलेलं मडगार्ड बुजवलं, मडमेचं दार बुजवलं, पुराचा दगड बुजवला. बाकीचे पोचे मला सांगतासुद्धा येत नाहीत, कारण मी ते पाहिलेच नव्हते. ते आता परत येणार नाहीत. मी तुमचे दिवस पुसले, आबा, आणि वर तुमच्याकडून वाण घेतलं. मला माफ करा."